दिवजांचा उजेड आणि छपाईची लॅब

छायाचित्र पाहणे हा आता बोटाचा व्यापार झाला आहे. काचेवर बोट फिरविले की चित्र येते, पुन्हा फिरविले की जाते. भिंतीवर लावलेले चित्र मात्र असे जात नाही. तेथे त्याच्या छपाईचा कस लागतो. गतवर्षीच्या दिवजोत्सवाची बारा छायाचित्रे अग्रशाळेत लावावी आणि बडोदे, इंदूर येथील महाजनांसही त्यांच्या प्रती धाडाव्या, असे आमच्या देवस्थानात ठरले. ज्याच्या त्याच्या पत्त्यावर थेट प्रती पोचविणारी ऑनलाइन लॅब निवडण्याचे काम आमच्याकडे आले.

अशा लॅबांच्या जाहिरातींत सर्वांचेच रंग 'जिवंत' असतात. म्हणून आम्ही तीच तीन चित्रे तीन लॅबांकडे पाठविली, आकार सर्वत्र ८ × १२ इंच. पहिले, हाती पेटलेली दिवजे घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या सुवासिनींचे. दुसरे, दिवसा घेतलेले शिखर-कळसासह देवळाचे. तिसरे, एका जुन्या कृष्णधवल फोटोची स्कॅन केलेली प्रत.

पहिल्या लॅबने कळसच कापला. दोष अर्धा आमचाही आहे. फोनचे चित्र बहुधा ४ : ३ या प्रमाणात असते आणि ८ × १२ चा कागद ३ : २ या प्रमाणात. आडवे चित्र त्यावर भरून बसवावयाचे तर उंचीचा नववा हिस्सा जाणारच. तो कोठून जावा हे मागणीपूर्वी दाखविणारी चौकट तेथे होती. ती आम्ही पाहिली नाही. मात्र त्या लॅबचा जुना फोटो हिरवट आला, त्याचे समर्थन नाही. रंगीत कागदावर काळा हा तीन रंगांच्या मिश्रणातून होतो. तोल किंचित ढळला की करडेपणात परका रंग शिरतो. कृष्णधवल चित्र ही कोणत्याही लॅबची सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

दुसऱ्या लॅबची पेटी उघडली तेव्हा जमलेली मंडळी 'वा!' म्हणाली. चित्रे चकचकीत, आभाळ गडद निळे, चेहरे उजळ. आमचेही मत क्षणभर तिकडेच झुकले. मग ज्यांचा चेहरा पहिल्या चित्रात मध्यभागी आहे त्या मावशींनी चित्र हाती घेतले, दूर धरून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, ही हांव न्हय."

त्यांचे म्हणणे खरे होते. मावशी सावळ्या आहेत. चित्रातील बाई पिठासारखी पांढरी होती. केसांतील आबोलीचा वळेसर गुलाबी झाला होता. दिवजांची पिवळी ज्योत ट्यूबलाइटसारखी दिसत होती आणि मागचा काळोख करड्या धुक्याचा झाला होता. याचे कारण असे, की चित्र येताच तेथील यंत्र त्याच्या उजेडाची सरासरी काढते, ते 'फार काळोखे, फार पिवळे' असा निवाडा करते आणि दुरुस्ती करून मोकळे होते. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोचे त्याने भले होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दिवजोत्सवाच्या चित्रात काळोख आणि पिवळेपणा हाच विषय असतो. जी लॅब तो काढून टाकते तिने छपाई केली नसून चित्रावर आपले मत लादले आहे. आणि हे मत निव्वळ यंत्राचे नाही. उजळ तेच सुंदर ही आवड फोटो स्टुडिओंनी रिटचिंगच्या कुंचल्याने कित्येक पिढ्या जोपासली आणि आम्ही पैसे देऊन ती विकत घेतली.

तिसऱ्या लॅबची चित्रे प्रथमदर्शनी निस्तेज वाटली. फोनची काच स्वतः प्रकाश फेकते, कागद केवळ पडलेला प्रकाश परतवितो. हा फरक डोळ्यांना सवयीने कळतो. संध्याकाळी त्याच चित्राखाली दिवा लावला तेव्हा आबोली आबोलीच्या रंगाची दिसली आणि मावशी मावशींसारख्या. या लॅबच्या मागणीपत्रात 'दुरुस्ती करू नये' असे सांगण्याची सोय आहे. आपल्या कागदाची आयसीसी प्रोफाइल ती ग्राहकास देते, म्हणजे छापील रंग कसे येतील याचा अदमास संगणकावर आधी घेता येतो. कोणता कागद वापरला तेही ती सांगते. दर अधिक आणि दिवसही अधिक, हे खरे. शिवाय मागच्या रांगेतील स्त्रिया काळोखात बुडाल्या होत्या. फोन केला तेव्हा पलीकडून माणूस बोलला, यंत्र नव्हे. छाया किंचित उचलून चित्र पुन्हा पाठवा, असे त्याने सुचविले. दुसऱ्या प्रतीत त्या स्त्रिया दिसल्या आणि काळोखही राहिला.

येथे इंदूर व हैदराबाद येथील वाचकांस राजा दीनदयाळ आठवतील. इंदुरात नोकरी करता करता ते छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या २८५७ काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या काळी चित्र टिपणे आणि छापणे ही एकाच स्टुडिओची जबाबदारी असे. आज टिपणारा फोंड्यात आणि छापणारा शेकडो कोस दूर, अशा वेळी लॅबचे मौन फार महाग पडते.

कागदाविषयी थोडेच सांगतो. रासायनिक रंगीत कागद घरगुती आल्बमला पुरे आहे. वर्षानुवर्षे भिंतीवर राहावयाच्या चित्रास रंगद्रव्याच्या शाईने सुती कागदावर केलेली छपाई आम्ही पसंत केली. १९७० च्या सुमाराचे लग्नाचे रंगीत फोटो कसे तांबूस झाले, हे घरोघरी ठाऊक आहे. ८ × १२ साठी इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने २४०० × ३६०० बिंदूंचे चित्र लागते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने आलेले चित्र आक्रसलेले असते, म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी.

बारा चित्रे तिसऱ्या लॅबकडून आली आहेत. चकाकीचा कागद टाळला, कारण अग्रशाळेच्या दारातून येणारा उजेड त्यावर झळकतो. आमच्या पावसाळ्यात काचेला टेकलेले चित्र काचेलाच चिकटते, म्हणून चौकटीत मधे जाड पुठ्ठ्याची किनार घातली आहे. मावशींचे चित्र दारासमोर लावावे की आतल्या भिंतीवर, एवढे ठरावयाचे आहे.