शाळेचें माहेरपण

पौष-माघाचे दिवस आले कीं जळगांव-धुळ्याकडील शाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. घरोघर त्याला 'गॅदरिंग' याच नांवानें ओळखतात. त्याच्या आधीं आठवडाभर निरनिराळे 'दिन' साजरे होतात : एके दिवशीं सर्वांचा एकच रंग, एके दिवशीं वरच्या वर्गांतील मुलींच्या साड्या, एके दिवशीं पारंपरिक वेश. त्याच मांडवांत, किंवा पुढें एखाद्या रविवारीं, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. जुने सवंगडी परगांवाहून येतात, गुरुजनांस शाल-श्रीफळ देतात, आणि आपापल्या बांकावर बसून छायाचित्रें काढवितात. या उत्सवांनीं कोणाचें वाईट केलेलें नाहीं. तरी नाटकाचें किंवा ग्रंथाचें परीक्षण आपण करतों तसें यांचेंहि एकदां करावें. कारण शाळा आपलें मन वर्षांतून एकदां कोठें उघडें करीत असेल, तर तें या मांडवांत.

अशा उत्सवाचें सर्वांत ठळक रूप अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथें शरदऋतूंत 'होमकमिंग' म्हणून एक सप्ताह पाळतात. जुने विद्यार्थी परत येतात, फुटबॉलचा सामना होतो, मिरवणूक निघते, मुलांमधून राजा-राणी निवडतात, आणि रोज ठरलेला वेश करून मुलें शाळेंत जातात. एखादे दिवशीं तर निजावयाच्या कपड्यांत! ही चाल कोणीं पाडली याबद्दल तिकडे मोठा वाद आहे. मिझुरी विद्यापीठ १९११ सालाचा मान सांगतें. बेलर १९०९ चा आणि इलिनॉय १९१० चा दाखला पुढें करतें. तो वाद त्यांचा त्यांनाच लखलाभ असो. आम्हांस त्यांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लहान गांवांतील त्या सामन्याला, ज्यांनीं गांव कधीं सोडलेंच नाहीं अशीं माणसेंहि दाटीनें येऊन बसतात. परतून येणाराचें स्वागत करावयास घरीं कोणी असावें लागतें, एवढें तरी त्या उत्सवांत गृहीत धरलेलें आहे.

आमच्या मेळाव्यांत नेमका हा यजमानच हरवलेला असतो. पुणें, मुंबई, सुरत येथून मंडळी येतात. परदेशांतील एखादा स्नेही भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून दर्शन देतो. मग ओळखीचा कार्यक्रम होतो. जो तो उठून आपला हुद्दा, कंपनी आणि मुलांचें शिक्षण सांगतो. मध्येंच एकजण उठतो, "शेती करतों" इतकेंच पुटपुटतो, आणि टाळ्या सुरू होण्यापूर्वींच खालीं बसतो. असे जे आलेले असतात ते तरी थोडे. बाकीचे मैल-दीड मैलावर राहत असूनहि येत नाहींत, आणि कोणी विचारलेंच तर केळीच्या घडांचें किंवा गव्हाच्या पाण्याचें निमित्त सांगतात. निमित्त खोटें नसतें. पण तेंच एक कारण असतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या समारंभांत माणसानें गांवापासून किती दूर मजल मारली यावर त्याचें मोल ठरतें, तेथें गांवांतच राहिलेल्यानें काय म्हणून यावें?

या कार्यक्रमांत एक भाग मात्र निर्दोष असतो, आणि तो म्हणजे हजेरी. कोठें कोठें जुने गुरुजी जुनें हजेरीपत्रक हातीं घेऊन नांवें वाचतात आणि पन्नाशीचे गृहस्थ "हजर" म्हणतात. हजेरीपत्रकाला हुद्दा ठाऊक नसतो. त्यांत साहेबाच्या आधीं सालदाराचें नांव येऊं शकतें, आणि उत्तर न आलेलीं नांवें सर्वांना ऐकूं येतात. साऱ्या दिवसाचें नाट्य या दहा मिनिटांत आहे. दुर्दैवानें तीं घाईनें उरकतात, कारण जेवणाची वेळ झालेली असते.

आतां मुलांकडे वळूं. पारंपरिक वेशाच्या दिवशीं धोतर, पागोटें आणि पुठ्ठ्याचा नांगर घेऊन जो मुलगा रंगमंचावर येतो, त्याचा बाप कित्येकदां खराच शेतकरी असतो, आणि त्या वेळीं विजारीवर सदरा घालून मागच्या रांगेंत उभा असतो. आपलें घर हाच जेव्हां मुलाचा बहुरूप होतो, तेव्हां त्याला बक्षीस मिळालें तरी आमच्या मनाला चुटपुट लागते. भाषेची गत याहून वाईट. नाटुकल्यांत अहिराणी बोलणारें पात्र आलें कीं तें गडी तरी असतें, नाहीं तर वेंधळा पाहुणा. त्यानें तोंड उघडतांच हंशा ठरलेला. यावल-रावेरकडील लेवा बोलीचीहि तीच दशा. अपवाद असतील, परंतु ते अपवादच. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या १९५१ सालीं वारल्या आणि त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. ज्या बोलींत त्या गायिल्या ती बोली विद्यापीठाच्या दारावर पूज्य आणि शाळेच्या रंगमंचावर हास्यास्पद, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

खानदेशांत विद्यार्थ्याच्या उत्साहाला याहून चांगलें वळण मिळालेलें आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पुढच्याच वर्षीं जळगांवास कविसंमेलन भरलें. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तेथें धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या कोवळ्या मुलानें आपली कविता म्हटली, आणि वडीलधाऱ्यांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली. मोठीं माणसें बसलीं आणि मुलगा बोलला, हें त्या प्रसंगाचें मर्म. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलांत शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांकरितां ते 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत, आणि १९२८ सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक सुरू केलें. रोज पहांटे हातानें लिहिलेला तो कागद आणि आजचें ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलविणें, यांतील अंतर मुलांनीं पाडलेलें नाहीं. नाच बसविणारा भाड्यानें आणावयाचा आणि वेश भाड्यानें आणावयाचे, असें ठरविणारे आपणच मोठे आहों.

आणि घरीं परतण्याचा उत्सव खानदेशाला कोणाकडून शिकावयाचा आहे? आखाजी आहेच कीं. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरीं येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईचीं गाणीं म्हणतात. सासरीं वाडा आहे कीं झोपडी आहे हें झोक्यावर कोणी विचारीत नाहीं, आणि लेक आली म्हणून माहेरची वहिनी ओशाळून परसांत लपत नाहीं. आखाजीलाच सालदाराचें जुनें साल संपतें आणि नवें ठरतें. त्या दिवसांत कापूस घरांत आलेला असतो, गहूं निघालेला असतो, शेतें बहुतेक मोकळीं असतात. शाळांनीं आपला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हिवाळ्यांतून उचलून आखाजीच्या सुमारास ठेवावा, आमंत्रण गांवांत राहिलेल्यांच्या नांवानें काढावें, आणि हजेरी भोजनाआधीं न घेतां अगदीं आरंभीं घ्यावी. वैशाखांतलें जळगांवचें ऊन पुणेंकरांस सोसणार नाहीं, हें खरें. त्यांच्याकरितां मांडवाला दुहेरी छत आणि दारांत माठ ठेवला म्हणजे झालें.