पत्रा, अम्ल आणि कविता

मराठी कवितासंग्रह तीनशे-पाचशे प्रतींचा निघतो आणि त्यातले बरेच गठ्ठे कवीच्याच माळ्यावर जाऊन पडतात. त्या अर्थाने मर्यादित आवृत्त्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. पण ही मर्यादा खपाने घातलेली असते. प्रतींची संख्या आधी ठरवायची, मजकूर खिळे जुळवून छापायचा, चित्रे चित्रकाराने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर करायची आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक व सही घालायची, अशी पुस्तके मराठीत शोधूनच काढावी लागतात. चित्रांचा संग्राहक पुस्तकाकडे फिरकत नाही आणि ग्रंथसंग्राहक चित्राला सजावट समजतो.

फ्रान्समध्ये हा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुजला होता. पिकासोच्या तीस एचिंग्जसह ओव्हिडचे ‘मेटामॉर्फोसीज’ 1931 मध्ये प्रकाशक स्कीराने काढले, ते 145 प्रतींचे. पुढच्याच वर्षी मालार्मेच्या कवितांना मातिसची 29 एचिंग्ज लाभली. प्रती पुन्हा 145. इथे चित्र मजकुरामागून चालत नाही, त्याच्या बरोबरीने बसते. अशा पुस्तकाचे मोलही तिथेच आहे, दुर्मीळपणा त्यानंतरचा.

असे पुस्तक करण्याची साधने आपल्याकडे आहेत का, हे पाहायला आता पुण्याजवळच्या भोसरीत या. सर्किट बोर्ड आणि धातूच्या नेमप्लेट करणाऱ्या वर्कशॉपमध्ये फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात पत्रे बुडवलेले दिसतात. जिथे लेप आहे तिथे धातू वाचतो, जिथे उघडे आहे तिथे खाल्ला जातो. चित्रकाराचे एचिंग याहून निराळे नाही. पत्र्यावर मेणा-डांबराचा पातळ लेप द्यायचा, सुईने रेघा ओढून धातू उघडा करायचा आणि पत्रा अम्लात सोडायचा. रेघ जितकी अधिक वेळ आत राहील तितकी खोल आणि काळी. मग खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने आणि तळहाताने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रोलरखालून पत्रा दाबून काढायचा. असा प्रेस घडवणे पिंपरी-चिंचवडच्या टर्नर-फिटरला अवघड नाही. मोटारीचे भाग मायक्रॉनच्या हिशेबात करणाऱ्या या पट्ट्यात तांबे, रसायन आणि हात, तिन्ही हजर आहेत.

परंपराही परकी नाही. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात तांबट कारागिराकडून अक्षरे कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला आणि मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. ते काम अम्लाचे नव्हे, कोरणीचे. पण धातूवरून पुस्तक उमटवण्याची हौस इथे दोनशे वर्षे जुनी आहे, एवढे त्यातून कळते. पिंपरीहून लोणावळा लोकलने जाता येईल अशा मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना 1899 मध्ये आला. त्याने घराघरांत देव पोचवले. मात्र ती मूळ तैलचित्रांची शिळाछापी नक्कल होती, थेट दगडावर किंवा पत्र्यावर जन्मलेले चित्र नव्हते. खरा संग्राहक हा भेद आधी शिकतो.

या भेदाचा आणखी एक धडा मराठी मासिकांत सापडतो. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर यांची रेखाटने ज्या जस्ताच्या ब्लॉकवरून छापली जात, तेही अम्लानेच खाल्लेले असत. फरक एवढाच की ब्लॉकमध्ये अम्ल कोरी जागा खाते आणि रेघ वर उरते. एचिंगमध्ये रेघच खाल्ली जाते आणि शाई तिच्या पोटात बसते. ब्लॉक ब्लॉकमेकर करी, पत्रा चित्रकार करतो. आपण आयुष्यभर अम्लाची चित्रे पाहिली, पण ती चित्रकाराच्या हातची नव्हती.

साठ-सत्तरच्या दशकांत वाट सापडण्याची शक्यता होती. बडोद्याहून चित्रकार गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी 1969 ते 1973 या काळात चालवलेल्या ‘वृश्चिक’ या लघुनियतकालिकात कलावंतांची मुद्राचित्रे येत. मुंबईत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने अरुण कोळटकरांच्या कविता 1977 मध्ये काढल्या, तेव्हा पुस्तकाच्या देखणेपणाचा विचार करणारा प्रकाशक आणि चित्रभाषा जाणणारा कवी एकत्र आले. पण लघुनियतकालिकांचा जीव स्वस्तपणात होता, सायक्लोस्टाइलमध्ये होता. तांब्याच्या पत्र्याचा खर्च त्यांच्या स्वभावात बसणारा नव्हता. खख्खरांच्या लाकूडठशांनी व लिनोठशांनी सजलेल्या सलमान रश्दींच्या दोन कथा 1989 मध्ये 72 प्रतींत निघाल्या, त्या लंडनमध्ये. पुढे डीटीपी आला, छापखान्यांतले खिळे भंगारात वितळले आणि मजकुराची बाजूही लंगडी झाली.

आजची स्थिती म्हणून विचित्र आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून महागडी कॉफीटेबल पुस्तके विकली जातात. आत ऑफसेटची चित्रे, सोबत सही केलेली इंकजेट प्रिंट. सही खरी, चित्र नक्कल. घेणाऱ्याने भिंग घेऊन बसावे. रेघेच्या जागी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई यंत्राची. खऱ्या एचिंगमध्ये पत्र्याच्या कडेचा दाब कागदात खोलगट चौकोन पाडतो आणि शाईची रेघ बोटाला किंचित उंच लागते. ‘7/40’ असा पेन्सिलीतला आकडा पाहावा, पण पुन्हा छापता येऊ नये म्हणून पत्रा नंतर रद्द केला की नाही हे प्रकाशकाला विचारावे. शेवटच्या पानावर कागद, खिळा, छापणारा आणि एकूण प्रती यांची नोंद नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. घेतलेले पुस्तक पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. चित्रांमध्ये आम्लरहित कागद घालावा, प्लास्टिकमध्ये कोंडू नये, नाहीतर बुरशीचे तपकिरी डाग आणि कसर दोन्ही येतात.

कागदासाठीही लांब जायला नको. पुण्याच्या हातकागद संस्थेची परंपरा 1940 पासूनची. भारतीय संविधानाची हस्तलिखित हिंदी प्रत पुण्याच्या हातकागदावर उतरली. म्हणजे कागद, पत्रा, रसायन, यंत्र आणि कवी पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. नाही तो यांना एका टेबलाशी बसवणारा प्रकाशक आणि त्याला आधी पैसे देणारा ग्राहक. म्हणूनच दोष साधनांचा नाही, आपल्या गुळमुळीत रुचीचा आहे.

एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तके आश्रयदात्यांच्या आगाऊ वर्गणीवर निघत आणि त्यांची नावे पुस्तकातच छापली जात. तोच मार्ग आजही चालेल. चाकण-पिंपरीतले कारखानदार दिवाळीला डीलरांना आणि व्हेंडरांना भेटवस्तू देतात. त्यातल्या चाळीस जणांनी एका वर्षीच्या चांदीच्या नाण्यांऐवजी एका कवीचे, एका मुद्राचित्रकाराचे पुस्तक आगाऊ पैसे भरून मागवावे. अशा पहिल्या पुस्तकाला चाळीस प्रती पुरेत.