सायलेन्सरचे 25 डेसिबल: कशापेक्षा कमी?

महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहून संशोधनाचा विषय शोधत असाल, तर एक विषय दारातच आहे: डिझेल जनरेटरचा सायलेन्सर. नियम म्हणतो, एक्झॉस्टच्या मफलरचा 'इन्सर्शन लॉस' किमान 25 डेसिबल हवा. नियमाचा हेतू चांगलाच आहे. माझा आक्षेप नुसत्या आकड्यावर आहे. 25 कमी, पण कशापेक्षा?

हे रायफलवरून चटकन कळतं. उदाहरण लांबचं नाही: 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमच्याच कंपनीनं पुढे इंजिनांचे सायलेन्सर बनवले. रायफलच्या नळीच्या तोंडावर 'मझल ब्रेक' लावला की खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. पण वायू बाजूला नि मागे फेकला जातो, त्यामुळे नेमबाजाच्या कानाशी आवाज वाढतो. समजा, 5 डेसिबलनं वाढला. आता उघड्या नळीशी तुलना केल्यावर जो सायलेन्सर 25 चा, तोच ब्रेकशी तुलना केली की 30 चा! सायलेन्सर लावल्यावर कानावर येणारा आवाज मात्र तेवढाच. शिवाय ब्रेक सायलेन्सरच्या आतच राहणार असेल, तर वायूचा झोत पहिल्या पडद्याआधीच फुटतो आणि उरणारा आवाजही बदलू शकतो. म्हणजे हा आकडा एकट्या सायलेन्सरचा नाहीच, जोडीचा आहे.

जनरेटरचंही तेच. इन्सर्शन लॉस म्हणजे मफलर लावण्याआधी आणि लावल्यावर एकाच जागी मोजलेल्या आवाजातला फरक. तो इंजिनावर आणि मफलरच्या पुढच्या-मागच्या पाइपांच्या लांबीवरही अवलंबून असतो. 'ट्रान्समिशन लॉस' हा मात्र मफलरचा स्वतःचा गुण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एम. एल. मुंजाल यांचं 1987 चं डक्ट आणि मफलरवरचं पुस्तक आधी वाचा, आणि हे दोन आकडे एकाच रकान्यात कधीच टाकू नका.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची मर्यादा औद्योगिक क्षेत्रात 70 डेसिबल आहे, निवासी भागात 45. कारखान्यापलीकडच्या वस्तीत झोपलेल्या माणसाला किती आवाज कमी झाला याच्याशी काय देणंघेणं? त्याच्या खिडकीशी किती उरला, ते महत्त्वाचं.

म्हणून कुठलाही पेपर हातात आला की तीन गोष्टी शोधा: आधीची मांडणी कोणती होती, माइक कुठे होता, शेवटी किती आवाज उरला. यातलं एक जरी सापडलं नाही, तरी तो आकडा आपल्या तक्त्यात उतरवू नका.