चाळ फोडली

देवळा तालुक्यात पावसाळा सरत आला की शेतकरी म्हणतो, ‘चाळ फोडली.’ एप्रिल-मेमध्ये चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा चार-पाच महिन्यांनी बाहेर काढायचा असतो. तोडफोड कसलीच होत नाही, चाळीचं एक तोंड मोकळं करतात इतकंच. तरी ‘उघडली’ न म्हणता ‘फोडली’ म्हणतात, आणि मला ते फार अचूक वाटतं. किती कांदा सडला, किती कोंबारला, काळ्या बुरशीची काजळी कुठवर चढली, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती निघाला, हे त्या दिवशी समोर येतं. मग निवडून बाजार गाठायचा. झाकून ठेवायची सोय संपलेली असते.

असं समोर येण्याला इंग्रजीत ‘रिव्हील’ आहे, पण त्याच्या पोटात लॅटिन ‘वेलम’ आहे, म्हणजे पडदा. पडदा सारायला कुणाचा तरी हात लागतो. नवी मोटार असो की कादंबरीतला खुनी, दाखवणारा ठरवील तेव्हाच आपण पाहायचं. आपलं ‘अनावरण’ याच जातीचं.

‘फुटणे’ला दाखवणारा लागत नाही. बिंग फुटतं, बातमी फुटते. पेपर फुटतो तेव्हा मात्र याच गुणाआड गुन्हेगार दडतो, म्हणून लोक लगेच ‘फोडला कुणी?’ असं विचारतात. आणि हेच क्रियापद फांदीला पालवी देतं, पूर्वेला तांबडं, आईला पान्हा! उघडकीला येणं आणि उगवणं, दोन्हींसाठी मराठीला एकच शब्द पुरला.

मूळ धातू संस्कृत ‘स्फुट्’. वर्तमानपत्रांतला ‘गौप्यस्फोट’ त्याचाच, आणि भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त विवरलेला ‘स्फोट’ही त्याचाच. ध्वनी एकामागून एक येऊन विरतात. त्यांतून अखंड अर्थ प्रकटतो, तो स्फोट. एवढं सूक्ष्म तत्त्व आणि कांद्याची चाळ एकाच धातूवर उभी आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण या क्रियापदाचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ‘अन्यायाला वाचा फोडणे’. तिथे ‘रिव्हील’ला काम उरत नाही, कारण सारायला पडदाच नसतो. अन्याय उघड्यावर चाललेला असतो, फक्त बोललं कुणी नसतं. 1855 साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिने लिहिलेलं दुःख पुण्याच्या रस्त्यांवर रोज सगळ्यांना दिसत होतं.