चौघांच्या डावातील जोडाचे मूल्य

पत्त्यांच्या खेळाची चर्चा विद्यापीठीय पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या खेळात प्रत्येक पत्त्यावर त्याचा नियम वाक्यरूपाने छापलेला असतो, आणि त्या वाक्याचा परिणाम इतर पत्त्यांच्या व खेळाडूंच्या सान्निध्यातच सिद्ध होतो, तो खेळ अर्थविचाराच्या अभ्यासकाला परका नाही, हे त्या शंकेचे उत्तर होय.

गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू मांत्रिकाची भूमिका घेतो आणि हजारो पत्त्यांतून निवडून आपला जोड स्वतः बांधतो. मूळ खेळ दोघांचा. प्रत्येकाचे आयुष्य 20 गुणांचे. पुढे रूढ झालेल्या ‘कमांडर’ या प्रकारात सामान्यतः चौघे बसतात, जोड 100 पत्त्यांचा असतो, मूलभूत भूमिपत्ते वगळता कोणताही पत्ता दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि आयुष्य 40 गुणांचे असते. ठरलेला भिडू कोणालाच नसतो.

जोडांचे परंपरागत वर्गीकरण त्रिविध आहे. आक्रमक जोड त्वरित प्रहार करून डाव संपवू पाहतो. नियंत्रक जोड प्रतिपक्षाची प्रत्येक चाल निष्फळ करीत दीर्घकाळ टिकतो. संयोगी जोड दोन-तीन विशिष्ट पत्ते एकत्र आणून एका क्षणी विजय साधतो. या वर्गीकरणाला पहिला मार्मिक छेद मायकेल फ्लोरेस यांनी ‘हूज द बीटडाउन?’ या 1999 मधील लेखात दिला. आक्रमण व नियंत्रण या केवळ जोडाच्या अंगभूत जाती नसून समोरच्या जोडाच्या अपेक्षेने ठरणाऱ्या भूमिका आहेत, आणि भूमिका ओळखण्यात चूक करणारा हरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सोस्यूरच्या 1916 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथातील मूल्यविचाराशी त्याचे नाते उघड आहे. बुद्धिबळातील मोहऱ्याप्रमाणे भाषेतील घटकाचेही मूल्य व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांवरून ठरते, हेच सोस्यूरला सांगावयाचे होते.

तथापि फ्लोरेस यांची मांडणी द्विपक्षीय आहे. चौथाईच्या डावात प्रतिपक्ष तीन होतात, आणि हा फरक केवळ संख्येचा राहत नाही. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा पत्ता तीन गुणांचा आघात करतो. केवळ गणित पाहता 20 गुणांचा एक प्रतिस्पर्धी संपविण्यास असे सात आघात पुरतात. 40 गुणांच्या तिघांसाठी 42 लागतात. नियंत्रकाची अडचण याहून सूक्ष्म आहे. दोघांच्या डावात आपला एक पत्ता खर्चून प्रतिस्पर्ध्याचा एक पत्ता नष्ट करणे हा समतोल व्यवहार ठरतो. चौघांत मात्र खर्च दोघांचा होतो आणि उरलेले दोघे काही न करता पुढे सरकतात. संयोगी जोडाला प्रतिस्पर्धी किती याची फारशी फिकीर नसते. शिवाय त्याला रोखण्याचा खर्च एकाने सोसावयाचा आणि लाभ तिघांनी घ्यावयाचा, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत बसतो.

माझ्या मते चौथाईच्या डावाचे मर्म येथेच आहे. जोडांची खरी स्पर्धा सामर्थ्याची कमी आणि खर्चाच्या वाटणीची अधिक असते. ‘रिस्टिक स्टडी’ हा पत्ता 2000 साली सामान्य वर्गात छापला गेला. प्रतिस्पर्ध्याने मंत्र टाकताना ‘माना’ या जादूच्या बळाचा एक जादा अंश भरला नाही, तर या पत्त्याच्या धन्याला एक पत्ता ओढता येतो. दोघांत हा कर भरणाऱ्याचे हित त्याच्याच पदरी पडते. चौघांत तो भरणारा स्वतः मंदावतो आणि हित इतर दोघांनाही वाटतो. म्हणून कोणीतरी भरत नाही, आणि धनी श्रीमंत होतो. ‘प्रोपगंडा’ (1997) आपल्यावर चालून येणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे दोन माना मागतो. दोघांच्या डावात तो आक्रमण रोखतो. चौघांत तो ते शेजाऱ्याकडे वळवितो. वाक्य तेच, शब्द तेच. अर्थक्रिया मात्र भिन्न.

यावरून फ्लोरेस यांच्या दोन भूमिकांना तिसरीची जोड द्यावी लागते : ती तटस्थाची. तटस्थ कोणाच्या बाजूला झुकेल हे पटावरील बलाबलाइतकेच बोलण्यावरही ठरते. ‘खरा धोका तो आहे’ हे विधान येथे वस्तुस्थितीचे वर्णन करता करता ती घडवितेही.

या पार्श्वभूमीवर प्रकाशकांनी 2025 मध्ये प्रथम मांडलेली पाच श्रेणींची पद्धती पाहण्यासारखी आहे. तीत जोडाला श्रेणी दिली जाते, आणि डावाचे स्वरूप पालटणाऱ्या पत्त्यांची स्वतंत्र यादी आहे. एके काळचा सामान्य ‘रिस्टिक स्टडी’ त्या यादीत आहे. अनोळखी खेळाडूंना परस्परांच्या अपेक्षा कळविण्यास ही पद्धती उपयुक्त आहे, यात संशय नाही. परंतु ती एकट्या जोडाला क्रम लावते, आणि जोडाचे मूल्य तर उरलेल्या तिघांच्या संबंधात निश्चित होते. खेळापूर्वी आपसांत बोलून घ्यावे, ही शिफारस तिच्यासोबत करावी लागली, यातच तिच्या मर्यादेची कबुली आहे. शब्दकोशातील अर्थ संवादाला आरंभ करून देतो. संवादाचा निकाल तो सांगू शकत नाही.