नकाशांतला कुलवृत्तांत

आमच्याकडील कुलवृत्तांत ज्यांनीं चाळले असतील त्यांच्या ध्यानांत एक उणीव आल्यावांचून राहिली नसेल. नांवामागून नांव येतें, शकामागून शक येतो; पण मूळ पुरुषाचें घर कोठें होतें, त्याच्या शेताला कोणाचा बांध लागून होता, याचा पत्ता लागत नाहीं. स्वीडनमधील घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना ही उणीव परवडण्यासारखी नाहीं. तेथील बहुतेक खेडुतांना एकोणिसाव्या शतकांत बऱ्याच उशिरापर्यंत पिढीजात आडनांव नव्हतें. अँडर्सचा मुलगा पेर तो पेर अँडर्सन, आणि त्याचा मुलगा पेर्सन. एकाच चर्चच्या हद्दींत असे पेर अँडर्सन चार निघाले, तर वंशवृक्ष भलत्याच खोडावर चढावयास वेळ लागत नाहीं! पाद्र्यांच्या धर्मपरीक्षेच्या वह्याही गांव आणि शेतघर याच क्रमानें लिहिलेल्या आहेत. तेव्हां जुना नकाशा हा तेथें शोभेचा परिशिष्टभाग नसून पुराव्याचें मुख्य अंग होय, असें आम्हांस वाटतें.

१६२८ सालीं राजा गुस्ताव्ह अडॉल्फ यानें आंद्रेआस ब्यूरेउस याजकडे देशाच्या मोजणीचें काम सोंपविलें. पुढील दशकापासून गांवोगांवचे जे नकाशे तयार झाले त्यांत शेतें, गवताचीं कुरणें आणि वस्ती दाखविली असून, बाजूस पेरणीचें बीं व गवताचें उत्पन्न यांची नोंद आहे. मात्र त्यांतील लहानसें घर पाहून ‘हेंच आमच्या पूर्वजांचें घर’ म्हणून हरखून जाणाऱ्यांस सांगावयास हवें कीं, तें चित्र नव्हे, खूण आहे.

खरा घोळ पुढें होतो. १७८० नंतरच्या दशकांत स्कोने प्रांतांतील स्वानेहोल्मच्या मॅक्लेननें आपल्या जहागिरींतील गांवें मोडून प्रत्येकास एकसलग जमीन दिली. १८२७ च्या कायद्यानें हीच रीत देशभर पसरली. दाट वस्तीचीं गांवें उसकटलीं, लांकडी घरें सुटीं करून नव्या शेतावर पुन्हां उभारलीं गेलीं. वहींत गांवाचें नांव तेंच राहतें, चूल मात्र हललेली असते. या वाटणीचे कागद आम्हांस सर्वांत वाचनीय वाटतात. कारण कोणाची जमीन कोठें गेली, कोणास घर हलवावें लागलें, कोणीं हरकत घेतली, हें त्यांत नांवानिशीं सांपडतें. अशीं भांडणें वंशवृक्षांत कोण लिहितो?

तथापि नकाशाही पक्षपाती असतो. तो सारा आणि वाटणी यांसाठीं काढलेला. ज्याला जमीनच नाहीं त्याची खोपटी मोजणीदारास दिसलीच असें नाहीं. १८५० ते १९३० या काळांत बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेस गेले, त्यांत असे भूमिहीन पुष्कळ होते. आज पूर्वजांचें घर शोधीत येतात ते बहुधा त्यांचेच वंशज, आणि नकाशा त्यांनाच दगा देतो. १८५९ पासून निघालेल्या तालुकावार नकाशांत कुळांच्या झोंपड्या पुष्कळ ठिकाणीं दाखविल्या आहेत, पण ते नकाशे साऱ्या देशाचे नाहींत.

आतां स्वीडनच्या भूमापन खात्यानें हे जुने नकाशे घरबसल्या पाहावयास खुले केले आहेत. सोय मोठी खरी; परंतु वही न उघडतां नुसत्या नकाशावर बोट ठेवणारे त्यामुळें वाढतील अशी भीति आम्हांस वाटते. ज्यांना सवड असेल त्यांनीं दोन्ही घेऊन त्या रानांत जावें. पुष्कळदां तेथें तळघराचे चार दगड आणि कोणीतरी दारापाशीं लावलेलें लिलॅकचें झुडूप अजून उभें असतें.