कळफलकावरील लेखनिक : व्हॉइस टायपिंगची पुनःस्थापना आणि महाडकडील बोली

स्मार्टफोनच्या कळफलकावर मायक्रोफोनचे एक लहानसे चिन्ह असते. त्याला स्पर्श करून बोलले असता बोललेले शब्द अक्षररूपाने पडद्यावर उमटतात. ह्या सोयीस व्यवहारात व्हॉइस टायपिंग असे म्हणतात. हे चिन्ह पुष्कळदा एकाएकी नाहीसे होते, आणि ते परत कसे आणावे ह्याविषयीचे मार्गदर्शनही विपुल आढळते. त्या मार्गदर्शनाचा एक समान विशेष असा, की चिन्ह पुन्हा दिसू लागले म्हणजे काम पुरे झाले असे ते धरून चालते. लेखनिक गादीवर परत येऊन बसला, एवढीच त्याची फलश्रुती. त्या लेखनिकाला ऐकू काय येते, आणि ऐकलेले तो कसे लिहितो, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. वस्तुतः खरी चर्चा तेथून सुरू व्हावयास हवी.

ह्या सोयीची गरज कोणाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्याची बोटे टंकलेखनास सरावली आहेत त्याला मायक्रोफोन हरवल्याची खंत फारशी वाटणार नाही. परंतु महाड तालुक्यातील बिरवाडीसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. काळ नदीच्या काठचे, आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या बाजाराचे आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले हे गाव. अशा ठिकाणी वाचता येते पण कळफलकावर जोडाक्षर जुळविता येत नाही, अशी प्रौढ माणसे असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या दृष्टीने मायक्रोफोनचे चिन्ह हेच लेखन. ते गेले म्हणजे लेखन गेले. आवाज मुद्रित करून पाठविता येतोच की, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अपुरा आहे. मुलाला निरोप द्यावयाचा तर मुद्रित आवाज चालतो. तलाठ्याकडे द्यावयाचा अर्ज, बँकेचा नमुना किंवा माहितीचा शोध ह्यांना अक्षरेच लागतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकन करण्याच्या सोयीत ज्या नव्या भाषांची भर घातली त्यांत मराठी होती. त्यापूर्वी ज्यांना लेखनासाठी दुसऱ्याचा हात शोधावा लागे, त्यांच्या बाबतीत हा बदल लहान नव्हे.

चिन्ह नाहीसे होण्याची कारणे पाहू गेल्यास ती बहुतेक साधी निघतात. पुष्कळ वेळा कळफलकच बदललेला असतो. संच तयार करणाऱ्या कंपनीचा कळफलक एक आणि गूगलचा जीबोर्ड दुसरा. अद्ययावतीकरणानंतर किंवा नकळत लागलेल्या बोटाने एकाच्या जागी दुसरा आला, की चिन्ह जागच्या जागी दिसत नाही. सेटिंग्जमध्ये कळफलकांची यादी उघडून इष्ट कळफलक पुन्हा निवडला म्हणजे हे कोडे सुटते. कधी जीबोर्डच्याच सेटिंग्जमधील व्हॉइस टायपिंग ही कळ बंद झालेली असते. कधी वरच्या पट्टीची मांडणी बदलताना चिन्ह आतल्या कप्प्यात सरकविले गेलेले असते. कूटशब्दाच्या रकान्यात ते मुळातच दाखविले जात नाही. तो दोष नव्हे, ती सावधगिरी आहे. आणि तेवढ्यासाठी सगळ्या सेटिंग्ज उलथ्यापालथ्या करणारे लोकही आढळतात.

दुसऱ्या प्रकारात चिन्ह असते, परंतु ऐकत नाही. त्यावर तिरकी रेघ येते, किंवा स्पर्श केल्यावर काहीच घडत नाही. येथे मायक्रोफोन वापरण्याची परवानगी नाकारली गेली आहे काय हे पाहावे लागते. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून सर्व अॅपांचा मायक्रोफोन एकदम तोडणारी कळही वरून ओढावयाच्या पडद्यात ठेवता येते. ती दाबली गेली असेल तर एकट्या कळफलकाची परवानगी तपासून उपयोग नाही. शिवाय ऐकण्याचे काम कळफलक स्वतः करतोच असे नाही. ते पुष्कळ संचांत गूगलच्या वेगळ्या वाक्सेवेकडे सोपविलेले असते, आणि ती सेवा बंद वा जुनाट झाली तर कळफलक निर्दोष असूनही मुका राहतो. भाषेचा संच फोनमध्येच उतरविलेला नसेल तर आवाज दूरच्या संगणकाकडे जातो, तेथे त्याचे शब्द होतात आणि ते परत येतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वरंध किंवा पोलादपूरच्या बाजूच्या खोऱ्यांत, हे जाळे प्रत्येक वाडीवर सारखे पोचत नाही. तेथे सेटिंग्ज तपासण्यापूर्वी उघड्यावर येऊन पाहणे शहाणपणाचे.

एवढे सर्व साधल्यावर शेवटची निवड उरते ती भाषेची, आणि मार्गदर्शक हिचा उल्लेख सर्वांत थोडक्यात करतात. व्हॉइस टायपिंगच्या भाषांच्या यादीत इंग्रजीच्या नावापुढे अनेक देश लिहिलेले दिसतात. तमिळपुढे भारताबरोबर श्रीलंका, सिंगापूर आणि मलेशिया; बंगालीपुढे भारत व बांगलादेश; उर्दूपुढे भारत व पाकिस्तान. मराठीपुढे केवळ 'भारत' असे आहे. ह्या यादीने भाषाभेद मानले आहेत, पण ते राष्ट्रांच्या सीमांबरहुकूम. एका भाषेचे रूप कोसाकोसावर पालटते हे जाणणाऱ्या समाजाच्या वाट्याला एकच नोंद आली, ती त्याची भाषा एकाच देशात बोलली जाते म्हणून. बिरवाडीच्या माणसाने चिन्ह परत आणून 'मराठी (भारत)' असे निवडले, तरी लेखनिकाला त्याची मराठी येते की नाही हे त्या नोंदीवरून कळण्याचा मार्ग नाही.

लेखनिकाचे हे रूपक केवळ सोयीपुरते घेतलेले नाही. बिरवाडीवरून ज्या शिवथर घळीकडे जातात, तेथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. ही घळ १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी प्रकाशात आणली. स्थळनिर्णयाचा वाद येथे अप्रस्तुत होय. लक्षणीय गोष्ट अशी, की मराठीतील एका मोठ्या ग्रंथाची कल्पनाच एक बोलणारा व एक लिहिणारा अशा जोडीने केली गेली आहे, आणि त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, ह्याची एवढी चिंता वाहणारा ग्रंथकार लेखनिकाला यंत्र समजत नव्हता. कल्याणांच्या हातची म्हणून मानली गेलेली डोमगावची प्रत दासबोधाच्या पाठासाठी प्रमाण ठरली, त्याचे कारणही हेच. लिहिणाऱ्याला सांगणाऱ्याची भाषा अवगत होती, आणि न कळलेले विचारण्याची त्याला मोकळीक होती.

पुढच्या काळात कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांच्या घरी पत्र लिहून देणारा कोणी शिक्षक, पोस्टातला माणूस किंवा शाळकरी पोर असे. तोही बोलीचे पत्री मराठीत रूपांतर करी, आणि त्यात पुष्कळ गाळी. तथापि तो लिहिलेले वाचून दाखवी, आणि ऐकणारी बाई 'असे नाही, असे लिही' म्हणू शके. फोनवरील लेखनिक लिहिलेले परत वाचून दाखवीत नाही, शंका विचारीत नाही; ज्याला वाचनाचा सराव बेताचा त्याच्यापुढे तो मजकूर उभा करतो आणि मोकळा होतो. शाळेतील श्रुतलेखनात सांगणारा अधिकारी व लिहिणारा परीक्षार्थी असतो. येथे हे नाते उलटते. लिहिणाऱ्याला समजले नाही की सांगणारा थांबतो, सावकाश बोलतो, आपला 'न' सोडून पुस्तकातला 'ण' काढून पाहतो. चूक आपली, असे त्याला वाटते.

यंत्राचे ऐकणे कसे चालते हे पाहिल्यास ह्या गैरसमजाचे मूळ सापडते. ते ध्वनी ऐकते, परंतु निर्णय केवळ ध्वनीवर करीत नाही. त्याला शिकविलेल्या मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द वारंवार येतो, ह्याचा हिशेबही ते त्यात मिळविते. ध्वनी संदिग्ध असला की पारडे रूढ शब्दाकडे झुकते. कोकणातील कुणबी बोलींत 'पाणी'चे 'पानी', 'वीस'चे 'ईस', 'विस्तव'चे 'इस्तव' अशी रूपे आढळतात. 'पानी' म्हटल्यावर पडद्यावर 'पाणी' उमटले, तर अर्ज लिहिणाऱ्याला ते हवेच आहे. 'ईस रुपये' म्हटल्यास पुढचा 'रुपये' हा शब्द मागच्याला सावरण्याचा संभव पुष्कळ. पण जेथे असा सोबती शब्द नाही, किंवा बोलीतला शब्द प्रमाण भाषेत मुळीच नाही, तेथे त्याच्या जागी त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला, परंतु यंत्राच्या परिचयाचा शब्द येऊन बसतो. ज्याच्या तोंडी 'ळ'चा 'ल' होतो त्याने काळ नदीला पूर आल्याचे सांगितले, तर वाचणाऱ्याला पूर काल आला असे वाटावयाचे. आणि पुराच्या निरोपात 'काल' व 'आज' ह्यांतील फरक क्षुल्लक नसतो. माझेरी ह्या गावाच्या नावाची सुरुवात 'माझे' अशी होते, ही गोष्टही अशा हिशेबी लेखनिकाच्या हाती सुरक्षित नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. नकलाकार अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो; म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, ही कसोटी विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतासाठी अवलंबिली आणि आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेत तिची चर्चा केली. हस्तलिखितांतील नकलाकार कधी सोपा पाठ घेई, कधी निष्ठेने अवघड पाठ राखी. त्याच्या हलगर्जीपणाला व्यक्तिगत रूप होते. नव्या लेखनिकाची रचनाच सोपा पाठ निवडण्याची आहे. शिवाय जुन्या प्रतींच्या बाबतीत दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. येथे बोललेला आवाज राखून ठेवला नसेल तर अवघड पाठ कायमचा गेला.

ऐकणे आणि लिहिणे ह्यांतील अंतर प्रमाण मराठीतही थोडे नाही. 'दिन' आणि 'दीन' ही अक्षरे वेगळी असली तरी रोजच्या बोलण्यात ऱ्हस्वदीर्घाचा तो भेद कानाला क्वचितच जाणवतो. उलट 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य ह्यांतील 'ज' कानाला स्पष्ट वेगळे, पण लिपीत एकच. पहिल्या जोडीत यंत्र न ऐकलेला भेद लिहिते, दुसरीत ऐकलेला भेद टाकून देते. १९६२ मध्ये शासनाने स्वीकारलेले आणि १९७२ मध्ये वाढवून अठरा झालेले शुद्धलेखनाचे नियम ते कानाने पाळत नाही, शिकविलेल्या शब्दसंग्रहाच्या बळावर पाळते. ह्यात निंद्य काही नाही. मानवी लेखनिकही तेच करतो. मात्र असा मजकूर म्हणजे उच्चाराची नोंद नव्हे, हे विसरले जाऊ नये.

तो विसर पडण्याची भीती विद्यापीठांतच अधिक आहे. क्षेत्रकार्यातील मुलाखत मुद्रित करावयाची, मग ते मुद्रण फोनसमोर वाजवून व्हॉइस टायपिंगने तिची संहिता तयार करावयाची, ही युक्ती श्रम वाचविणारी असल्याने मोहक आहे. अमृत माधव घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतील महाडच्या कुणबी बोलीवरील पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज कोणी त्याच परिसरात जाऊन बोलीत कोणता बदल झाला हे शोधू लागला आणि त्याने अशी यंत्रनिर्मित संहिता आधाराला घेतली, तर 'न'चा 'ण' झाला, 'ईस' जाऊन 'वीस' आला, बोली प्रमाणभाषेच्या जवळ सरकली, असे निष्कर्ष त्याला सहज मिळतील. ते बोलीविषयी नसतील, लेखनिकाविषयी असतील. साठ वर्षांच्या अंतराने केलेल्या तुलनेचा पायाच त्यामुळे ढासळेल, आणि वाईट म्हणजे संहिता नीटनेटकी दिसत असल्याने परीक्षकाला संशयही येणार नाही. अशा प्रबंधात मूळ मुद्रण जोडलेले असावे आणि निदान काही पृष्ठे कानाने ऐकून ध्वनिलिपीत उतरविलेली असावीत, ही अपेक्षा जाचक म्हणता येणार नाही.

लेखनिकाला शिकविता येत नाही असे मात्र नाही. त्याचे ज्ञान त्याला पुरविलेल्या आवाजांएवढे असते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था ह्यांच्या बोली-सर्वेक्षणाने जिल्ह्याजिल्ह्यांतील वक्त्यांची ध्वनिमुद्रणे गोळा करून ती जालावर खुली केली आहेत; २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र शासनाचा भाषिणी हा उपक्रमही लोकांकडून आवाजाचे नमुने मागतो. भाषा-विभागांतील विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रकार्यासाठी जी मुद्रणे करतात ती बहुधा प्रबंध सादर झाल्यावर कपाटात जातात. वक्त्यांच्या संमतीने, गावाच्या नावासह आणि कानाने तपासलेल्या संहितेसह ती अशा संग्रहांत पोचली, तर 'मराठी (भारत)' ह्या नोंदीमागच्या कानाला 'इस्तव' हा शब्द निदान एकदा तरी ऐकावयास मिळेल. तोपर्यंत बिरवाडीत ज्याच्या फोनवरील चिन्ह परत आले आहे त्याने पाठविण्यापूर्वी मजकूर कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. फोनमधील मजकूर वाचून दाखविणारी सोय सुरू केली तर हे काम फोनकडूनही होते.